लाटांवरचे पहारेकरी

सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ. तो खेळणाऱ्याच्या नाकातोंडात समुद्राचे पाणी जातेच. त्यामुळे पाणी बिघडले, की पहिला फटका त्याला बसतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. तिथे गावोगावचे मैलापाणी शुद्ध न करताच किनाऱ्याजवळ समुद्रात सोडले जाई. कान, घसा आणि पोटाच्या दुखण्यांना कंटाळलेले सर्फिंगवाले १९९० साली सेंट अ‍ॅग्नेस गावात जमले आणि त्यांनी ‘सर्फर्स अगेन्स्ट सूएज’ ही संस्था काढली. सूएज म्हणजे मैलापाणी. तोंडाला गॅस मास्क आणि काखेत फळी, अशा वेशात ही मंडळी निदर्शने करू लागली. लोक थांबून विचारू लागले, की हा काय प्रकार? याच सुमारास, १९९१ मध्ये, युरोपात शहरांच्या मैलापाण्यावर प्रक्रिया करणे कायद्याने बंधनकारक झाले. पुढे शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला! पण तसे नाही. तिथल्या जुन्या गटारांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून वाहतो. जोराचा पाऊस झाला, की नळ तुंबून मैला घरांत शिरू नये म्हणून जादा पाणी नदीत वा समुद्रात सोडून देतात. सरकारी नोंदीनुसार २०२३ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये असे ४,६४,०५६ वेळा घडले.

धोका केवळ पोटदुखीचा नाही. एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी या संस्थेच्या मदतीने सर्फिंग करणाऱ्यांची तपासणी केली. औषधांना दाद न देणारे जंतू त्यांच्या आतड्यांत आढळण्याचे प्रमाण इतरांच्या तिप्पट असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा जंतूंनी आजार झाला, तर नेहमीची औषधे निकामी ठरतात.

संस्थेचे स्वयंसेवक किनाऱ्यावरचे प्लॅस्टिक वेचतात, आणि कुठे मैला सोडला गेला याची सूचना संस्था मोबाइलवर देते. पाण्याची सरकारी तपासणी वर्षानुवर्षे १५ मे ते ३० सप्टेंबर एवढ्याच काळात होत आली. सर्फिंगवाले मात्र ऐन थंडीतही पाण्यात असतात. म्हणून तपासणी बाराही महिने हवी, असा त्यांचा आग्रह.

वाळूवरचा कचरा डोळ्यांना दिसतो, तो चार हात उचलू शकतात. पाण्यातला मैला दिसत नाही. तो मोजावा लागतो, आणि मोजा म्हणून कुणीतरी सतत सांगत राहावे लागते. ते काम या खेळाडूंनी अंगावर घेतले.