डाउन हाउसमधील एक मतभेद

घरातील एखादी व्यक्ती देवळात जात नाही, पूजाअर्चा मानत नाही, एवढ्यावरून तिच्या मरणोत्तर गतीची चिंता हिंदू कुटुंबात सहसा कोणी करीत बसत नाही. श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबात मात्र एकाच्या मनातील शंका दुसऱ्याला निराळ्या रीतीने बोचते. ख्रिस्तावरील श्रद्धेने मनुष्याचा उद्धार होतो व त्याला शाश्वत जीवन लाभते, ही त्या धर्माची मूळ शिकवण होय. तेव्हा ज्याची श्रद्धा ढळली, त्याची आणि आपली ताटातूट मृत्यूनंतर कायमची तर होणार नाही ना, ही भीती आप्तांना ग्रासते. मतभेदाचे रूपांतर वियोगाच्या भयात होते. चार्ल्स डार्विन आणि त्यांची पत्नी एमा यांच्या सहजीवनात हे भय जवळजवळ त्रेचाळीस वर्षे वावरत होते.

डार्विन केंब्रिजला शिकत होते ते धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशाने. १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावरून केलेल्या सफरीनंतर मात्र बायबलमधील चमत्कारांविषयी त्यांच्या मनात शंका उत्पन्न झाल्या. विवाह ठरण्यापूर्वी त्यांच्या वडिलांनी त्यांना बजावले होते की, या शंका पत्नीपासून लपवून ठेवाव्यात. वडील डॉक्टर होते. पतीच्या उद्धाराच्या काळजीने झुरणाऱ्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या होत्या. डार्विन यांनी हा व्यवहारी सल्ला मानला नाही. १८३८ च्या नोव्हेंबरमध्येच त्यांनी एमाला सर्व काही सांगून टाकले आणि २९ जानेवारी १८३९ रोजी दोघे विवाहबद्ध झाले.

एमा अंधश्रद्ध नव्हती. तिच्या माहेरी त्रैक्याचा सिद्धांत न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे संस्कार होते. डाउन गावच्या चर्चमध्ये मतांगिकार म्हणताना इतर मंडळी वेदीकडे वळत. हे कुटुंब मात्र वळत नसे. परंतु १८३२ मध्ये तिची लाडकी बहीण फॅनी वारली होती, आणि परलोकात तिची पुन्हा भेट होईल ही आशा एमाच्या श्रद्धेचा गाभा होती. विवाहानंतर थोड्याच दिवसांत तिने पतीला एक पत्र लिहिले. सिद्ध झाल्याखेरीज काहीही न मानण्याची शास्त्रज्ञाची सवय, ज्या गोष्टी त्या रीतीने सिद्ध होऊच शकत नाहीत त्यांनाही लावली जात नाही ना, असा तिचा प्रश्न होता. आपण दोघे अनंतकाळ एकमेकांचे राहणार नाही असे वाटले, तर आपल्याला फार दुःख होईल, असेही तिने त्यात म्हटले होते. घरातल्या घरात पत्र कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल. पण काही गोष्टी समोरासमोर बोलता येत नाहीत. डार्विन यांनी ते पत्र जन्मभर जपून ठेवले. त्याच्या खाली त्यांनी एवढेच लिहून ठेवले होते की, आपण कितीदा तरी त्याचे चुंबन घेतले आहे आणि त्यावर अश्रू ढाळले आहेत.

२३ एप्रिल १८५१ रोजी त्यांची दहा वर्षांची मुलगी अ‍ॅनी मॉल्व्हर्न येथे दगावली. डार्विन तिच्या उशाशी होते. एमा गर्भवती असल्याने तिला घरीच राहावे लागले होते. या आघाताने डार्विन यांची उरलीसुरली श्रद्धा नष्ट झाली, असे काही चरित्रकार मानतात. स्वतः डार्विन यांनी मात्र अश्रद्धा अत्यंत संथ गतीने आपल्या मनात शिरली, असे नमूद केले आहे. ते अधिक विश्वासार्ह वाटते.

व्यवहारात दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले. रविवारी एमा मुलांना घेऊन चर्चमध्ये जाई, त्या वेळी डार्विन फेरफटका मारीत. गावच्या धर्मोपदेशकाशी त्यांची मैत्री होती आणि गरिबांच्या कोळसा व कपडे निधीचा हिशेबही ते पाहत. उत्क्रांतिवादाचा १८४४ चा निबंध एमाने वाचला होता. आपण अकस्मात वारलो तर ४०० पौंड खर्चून तो प्रसिद्ध करावा, अशी विनंती डार्विन यांनी केली ती तिलाच.

मतभेद मात्र मिटला नाही. १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात डार्विन यांनी, श्रद्धा न ठेवणाऱ्यांना अनंतकाळ शिक्षा मिळते या सिद्धांताचा कठोर शब्दांत निषेध केला. कारण त्यांचे वडील, भाऊ आणि बहुतेक जिवलग मित्र त्या शिक्षेस पात्र ठरत होते. म्हणजे आप्तांचा विरह जो एमाला श्रद्धेकडे नेत होता, तोच डार्विन यांना तिच्यापासून दूर नेत होता. १९ एप्रिल १८८२ रोजी ते निवर्तले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील अंत्यविधीला एमा गेली नाही.

आत्मकथन छापण्याची वेळ आली तेव्हा असे काही उतारे गाळावेत, अशी इच्छा एमाने व्यक्त केली. १८८५ मध्ये मुलगा फ्रान्सिस याला लिहिताना तिने कारण दिले ते पतीच्या श्रद्धाळू स्नेह्यांचे; त्यांना, आणि घरातील जुन्या नोकरांनाही, ते वाचून क्लेश होतील असे तिला वाटत होते. १८८७ ची आवृत्ती त्याप्रमाणे निघाली. गाळलेला मजकूर डार्विन यांची नात नोरा बार्लो यांनी १९५८ मध्ये पुन्हा समाविष्ट केला.