मोंमार्त्रची रात्रपाळी

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये ‘मूलाँ रूजमध्ये’ नावाचं एक मोठं तैलचित्र आहे. आँरी द तुलूज-लोत्रेकनं ते 1892 ते 1895 या काळात रंगवलं. टेबलाभोवती मंडळी बसली आहेत. उजव्या कडेला मे मिल्टन या नर्तकीचा चेहरा थेट आपल्या अंगावर येतो. खालून आलेल्या दिव्याच्या उजेडात तो हिरवाजर्द दिसतो, म्हणून बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. पण चित्राचा खरा गाभा मला मागच्या बाजूला सापडतो. तिथे आरशासमोर एक बाई केस सावरते आहे. ती ला गुल्यू. जिचा नाच बघायला अख्खं पॅरिस लोटत होतं, ती इथे कोपऱ्यात, आपल्याच नादात, पुढच्या कामासाठी स्वतःला नीटनेटकं करते आहे.

प्रेक्षकासाठी रात्र म्हणजे मौज, नाचणारीसाठी ती पाळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसची रात्र अनेकांनी रंगवली, पण ही पाळी लोत्रेकइतकी सातत्यानं कुणी पाहिली नाही. जॉर्ज स्यूराच्या ‘शाहू’ या चित्रातही नर्तक-नर्तकींची रांग आहे. तिथे उंच उचललेले पाय एकमेकांना समांतर, मोजूनमापून बसवलेले आहेत, आणि माणसं त्या रचनेत विरघळून गेली आहेत. लोत्रेककडे मात्र प्रत्येकीला नाव आहे, चालण्याची ढब आहे, थकवा आहे.

मोंमार्त्र ही पॅरिसच्या उत्तरेकडची टेकडी. 1860 मध्ये ती शहरात सामील झाली, तरी खोल्यांची भाडी बेताची राहिली. त्यामुळे तिथे धोबिणी, शिवणकाम करणाऱ्या मुली, कारागीर आणि कफल्लक चित्रकार शेजारी शेजारी राहत. 6 ऑक्टोबर 1889 रोजी पायथ्याशी मूलाँ रूज हे नाचघर सुरू झालं. तिथली सगळ्यात गाजलेली नर्तकी ला गुल्यू, म्हणजे लुईझ वेबर, हिची आई धोबीण होती आणि लुईझनंही लहानपणी तेच काम केलं होतं. मूलाँ रूज उघडण्याच्या काही वर्षं आधी लोत्रेकनं एक धोबीण रंगवली होती. पांढरं पोलकं घातलेली ती तांबड्या केसांची मुलगी टेबलावर हात टेकून खिडकीबाहेर बघते आहे. केस डोळ्यांवर आलेत, कंबर ताठ करण्यापुरतीच ती थांबली असावी. ही धोबीण आणि पुढे नाचघरात दिसणाऱ्या बायका एकाच वस्तीतल्या, एकाच कष्टाच्या. लोत्रेकची दिवसाची आणि रात्रीची चित्रं म्हणूनच वेगळी काढता येत नाहीत.

लोत्रेक स्वतः मात्र या वस्तीतला नव्हता. 1864 मध्ये आल्बी गावात एका जुन्या सरदार घराण्यात तो जन्मला. आईवडील सख्खे मावसभावंडं होते. तेराव्या-चौदाव्या वर्षी आधी एका आणि मग दुसऱ्या मांडीचं हाड मोडलं, त्यानंतर पाय वाढलेच नाहीत. धड मोठ्या माणसाचं आणि उंची जेमतेम पाच फूट, अशा शरीरानिशी तो आयुष्यभर वावरला. या अपंगत्वामुळेच त्याला उपेक्षितांचं दुःख कळलं, असं नेहमी सांगितलं जातं. मला हे स्पष्टीकरण फार सोपं वाटतं. दुःख वाट्याला येऊनही दुसऱ्याकडे न बघणारी माणसं पुष्कळ असतात. लोत्रेक एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन बसला, त्याच त्याच माणसांची शेकडो रेखाटनं त्यानं केली. त्याची समज त्या बैठकीतून आली.

त्या समजेला साजेशी साधनंही त्यानं निवडली. पुष्कळदा तो कॅनव्हासऐवजी साध्या पुठ्ठ्यावर काम करी. टर्पेंटाइन घालून पातळ केलेला तैलरंग पुठ्ठा लगेच शोषून घेतो, त्यामुळे फटकारे झरझर मारावे लागतात. अधेमधे पुठ्ठ्याचा तपकिरी रंग तसाच उघडा राहतो. हालचाल पकडायची तर हा वेग हवाच.

भित्तिपत्रकांसाठी त्यानं शिळाछपाई घेतली. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई धरत नाही, तेलकट भागावर धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तो याच तंत्राचा, आणि त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या घरोघरी भिंतींवर आल्या. पॅरिसच्या भिंतींवर त्याच सुमारास आल्या त्या नाचणाऱ्या बायका. 1891 च्या अखेरीला लोत्रेकचं मूलाँ रूजचं पहिलं पोस्टर लागलं. ते माणसाहून उंच होतं आणि त्याच्या सुमारे 3000 प्रती छापल्या होत्या. मागे प्रेक्षकांच्या काळ्या सावल्या, पुढे सहनर्तक व्हालंताँची करडी आकृती, मध्ये ला गुल्यूचा पांढरा घागरा. या पोस्टरनं सत्तावीस वर्षांचा चित्रकार शहरभर माहीत झाला.

जेन आव्रिल या नर्तकीच्या चित्रांत ही रात्रपाळी सर्वांत उघड दिसते. कोवळ्या वयात ती साल्पेत्रिएर रुग्णालयात, शार्को या प्रख्यात डॉक्टरांच्या विभागात राहून आली होती. 1893 च्या पोस्टरवर ती पाय उचलून नाचते, पण चेहऱ्यावर हसू नाही. समोर वादकाची मूठ एका मोठ्या तंतुवाद्याची मान आवळून आहे, आणि तीच मान पुढे वाढत जाऊन चित्राची चौकट होते. 1892 च्या सुमाराच्या दोन चित्रांत तर नाचच नाही. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहातल्या चित्रात ती कोट आणि टोपी घालून मूलाँ रूजच्या दारात उभी आहे. अमेरिकेत हार्टफर्डला असलेल्या चित्रात ती तिथून बाहेर पडते आहे. कामावर येणारी, काम संपवून परतणारी बाई. रंगमंचावरची प्रसिद्धी त्या कोटाच्या आत कुठेच दिसत नाही.

कुंटणखान्यांतल्या चित्रांतही तो हेच बघतो. तिथल्या बायकांची सरकारदरबारी नोंद असे आणि त्यांना ठरावीक वैद्यकीय तपासणी सक्तीची होती. त्या तपासणीसाठी झगा वर धरून रांगेत उभ्या असलेल्या दोघी त्यानं 1894 मध्ये रंगवल्या. त्यात वखवख नाही, कीव नाही, फक्त कंटाळून वाट बघणं आहे. 1896 मध्ये ‘एल’ म्हणजे ‘त्या’ नावाची शिळाछापांची मालिका 100 प्रतींत निघाली. अंग धुणं, केस विंचरणं, अंथरुणातला नाश्ता असे त्यातले प्रसंग. गिऱ्हाइकांना चाळवणारं काहीतरी हवं होतं, त्यामुळे ती खपली नाही. मला मात्र त्याच्या सगळ्या कामात ही मालिका श्रेष्ठ वाटते.

एक गोष्ट बोलायला हवी. लोत्रेक या जागांत घरच्या पैशावर येणारा गिऱ्हाईकही होता. त्याची नजर कितीही सच्ची असली तरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची होती. दारूनं तो खचत गेला. 1899 मध्ये त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवलं, तेव्हा आपण शुद्धीवर आहोत हे दाखवायला त्यानं सर्कशीची चित्रं निव्वळ आठवणीतून काढली. 1901 मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

टेबलाच्या कष्टकरी बाजूची एक बाई मात्र स्वतः चित्रकार झाली. 1880 च्या दशकाच्या शेवटी लोत्रेकनं रंगवलेल्या एका चित्रात ती दारूच्या पेल्यासमोर हनुवटी हातावर टेकवून बसली आहे. तिचं नाव मारी-क्लेमांतीन व्हालादों. आई धुण्याभांड्यांची कामं करायची, तीही सर्कशीत कसरती करून आणि मग चित्रकारांसमोर तासन्‌तास बसून पोट भरायची. ‘सुझान’ हे नाव तिला लोत्रेकनंच दिलं. तिची रेखाटनं चित्रकार दगानं विकत घेतली आणि 1894 मध्ये ती राष्ट्रीय ललितकला संस्थेच्या प्रदर्शनात लागली. 1923 मध्ये तिनं ‘निळी खोली’ रंगवली. पट्ट्यापट्ट्यांची विजार घातलेली एक धिप्पाड बाई पलंगावर ऐसपैस रेलली आहे, ओठांत सिगारेट, पायाशी पुस्तकं, आणि तिला त्या दिवशी कुणाचीही वाट बघायची नाही.