पासपोर्ट नको, डबा घ्या!

युरोप टूरचे फोटो बघताना कोणाला मोह होत नाही? दगडी रस्ते, उंच मनोऱ्यांची चर्चेस, तटबंदीच्या आतलं जुनं शहर... पण टूरचा आकडा ऐकला की आपण मुकाट्याने कुकर लावायला उठतो. मैत्रिणींनो, तसंच एक शहर आपल्या पालघर जिल्ह्यात आहे आणि तिथे लोकलने जाता येतं!

मी बोलतेय वसईच्या किल्ल्याबद्दल. आपण किल्ला म्हणतो खरं, पण ते होतं तटाच्या आत वसलेलं पोर्तुगीज शहर. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथूनच चालला. जमिनीकडून एक दरवाजा, समुद्राकडून एक. मधे रस्ते, वाडे, मठ आणि एकाहून एक मोठी चर्चेस. आज छपरं नाहीत, पण सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून ताठ उभा आहे. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली क्रुसावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले.

मला सगळ्यात भावली ती दोन नावं. जेझुइटांच्या चर्चमधल्या थडग्यांच्या दगडांवर ती कोरलेली होती, अशी ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. इझाबेल द आगियार, मृत्यू १५९१. दोना फिलिपा द फोन्सेका, मृत्यू १६२८. दोघीही विधवा. एकीने तिथल्या विद्यालयाला मोठी मदत केली, दुसरीने जिवंतपणीच आपलं होतं नव्हतं ते सगळं चर्चला देऊन टाकलं. लढाया, तह, सरदार हे सगळं पुस्तकात असतंच. पण सातासमुद्रापलीकडच्या मुलखाशी नातं सांगणाऱ्या या बायका इथे कशा राहिल्या असतील, या उकाड्यात, या पावसात? असा विचार आला, की पडक्या भिंती एकदम घरासारख्या वाटू लागतात.

हे राज्य सुखाचं होतं असं मात्र नाही. देवळं पाडली गेली, धर्मासाठी छळ झाला. म्हणून तर चिमाजी आप्पांची मोहीम आपल्याकडे आजही अभिमानाने सांगतात. बोईसरजवळच्या तारापूरच्या किल्ल्यासाठी जानेवारी १७३९ मध्ये घनघोर लढाई झाली, त्यात बाजी भिवराव पडले. मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली. वसईच्या घंटा मराठे घेऊन गेले. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर मेरीमातेचं चित्र आहे, ते त्यामुळेच.

आणि पोर्तुगीज गेले तरी आपल्या घरातून कुठे गेले? बटाटा, पाव, काजू, अननस, चावी, बादली, घमेलं, पगार हे सगळे शब्द त्यांचेच!

आता जायचं कसं? पालघर-बोईसरहून डहाणू लोकलने वसई रोडला उतरायचं, पुढे बस किंवा रिक्षा. हिवाळ्यात सकाळी लवकर निघा. पायात बूट, डोक्यावर टोपी, सोबत भरपूर पाणी आणि डबा. आत झाडी आणि पडझड आहे, त्यामुळे चारपाचजणींनी मिळून जावं, मनोऱ्यावर-भिंतींवर चढू नये आणि उजेड असतानाच परतावं. पूर्ण दिवस मिळत नसेल तर पालघरजवळ शिरगावचा छोटा किल्ला आहेच. संध्याकाळी शेजारच्या किनाऱ्यावर फिरणंही होतं. तारापूरच्या किल्ल्यात खासगी वाडी आहे, तिथे विचारल्याशिवाय शिरू नका.

भिशीतून किंवा हळदीकुंकवाच्या वाणाचे पैसे वाचवून अशी सहल सहज निघते. ‘मुलांच्या परीक्षा होऊ देत’, ‘ह्यांना सुट्टी मिळू दे’ असं म्हणत राहिलो तर वर्षं सरतात.

फक्त एक करा. वसईच्या भिंतींवर बदाम काढून नावं कोरलेली दिसतात, कोपऱ्यात वेफर्सची पाकिटं साचलेली असतात. युरोपातली जुनी गावं टिकली, कारण तिथल्या माणसांनी ती आपली मानून जपली. आपला डबा, आपला कचरा परत आणायचा आणि बरोबरच्या मुलांनाही तेच शिकवायचं. एवढं तर आपल्याला घरबसल्या येतंच, नाही का?