ठिपक्याएवढ्या देशाला जायचे तर

आमच्या महाविद्यालयात तलासरीकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने परवा जगाच्या नकाशावर, फिजीच्या उत्तरेला, एका ठिपक्यावर बोट ठेवले आणि विचारले, “सर, इथं माणसं राहतात? आणि इथं जायचं तर कसं?” तो ठिपका तुवालू देशाचा होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधले की पहिल्याचेही उत्तर मिळते. तेव्हा आज आपण घरबसल्या या प्रवासाची तयारी करू या.

तुवालू हा पॅसिफिक महासागरातला नऊ बेटांचा देश. सगळी जमीन मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर आणि वस्ती दहा-अकरा हजारांची. पूर्वी ब्रिटिशांच्या अमलात ही एलिस बेटे म्हणून ओळखली जात. १ ऑक्टोबर १९७८ रोजी ती स्वतंत्र झाली.

आता वाट पाहू. डहाणू रोडला गाडीत बसून मुंबई गाठायची. तेथून सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे विमानाने फिजीला जायचे. ऑस्ट्रेलियामार्गे गेल्यास तिथे नुसते विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो, हे ध्यानात ठेवावे. फिजीची राजधानी सुवा. तेथून लहान विमान सुमारे अडीच तासांत फुनाफुती या तुवालूच्या राजधानीला पोचवते. मुंबईपासून सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे १२,००० किलोमीटर भरते. ही लहान विमाने आठवड्यातून मोजकीच असतात आणि हवा बिघडली की अडकतात. म्हणून आधी सुवा–फुनाफुतीची जागा नक्की करावी, मग तिच्या बेताने मागची तिकिटे काढावीत आणि परतीला चार दिवस हाताशी राखावेत. व्हिसाचे नियम बदलतात. निघण्यापूर्वी ते विचारून घ्यावेत.

फिजीत आपल्याला परके वाटणार नाही. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार हिंदी मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. पुढे आपल्या शेजारच्या सुरत-नवसारीकडचे लोकही व्यापारासाठी गेले. तेव्हा सुव्यात हिंदी चालते आणि डाळ-रोटीही मिळते. एक मात्र सांभाळा. तिथल्या नातलगांसाठी म्हणून घोलवडचे चिकू पिशवीत टाकू नका. फळांबरोबर कीड जाते आणि बेटावरची शेती बुडते, म्हणून विमानतळावर त्यांची कसून तपासणी होते.

जाण्यास मे ते ऑक्टोबर हा काळ बरा. नोव्हेंबरनंतर तिकडे पावसाचे आणि वादळाचे दिवस असतात. तिथला पैसा ऑस्ट्रेलियन डॉलर. एप्रिल २०२५ पर्यंत देशात एकही एटीएम नव्हते. आजही रोख रक्कम जवळ असावी. रोजची औषधे इथूनच न्यावीत. शाकाहारी माणसाने थोडा शिधाही न्यावा, पण नियम विचारून. तिथले अन्न म्हणजे मासे, नारळ आणि पुलाका नावाचा, अळूच्या कुळातला मोठा कंद.

फुनाफुतीची विमानाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधली. संध्याकाळी तिच्यावर मुले फुटबॉल खेळतात. विमान येण्याआधी भोंगा वाजतो आणि मैदान रिकामे होते. बेटाला दुसरी मोकळी जागाच नाही!

इथवर झाली सोयीची गोष्ट. खरी तयारी पाण्याची आहे. तुवालूत एकही नदी नाही, ओढा नाही. पत्र्यावरचा पाऊस टाकीत साठवायचा आणि तोच प्यायचा. २०११ साली पाऊस रुसला, सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली आणि राजधानीत घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागले. वैशाखात तलासरीच्या पाड्यावर डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला यावर अधिक सांगायला नको. अशा घरी पाहुणा गेला, तर त्याने एक बादली कमी वापरावी. प्लास्टिकचा कचराही परत आणावा. पुरायला तिथे जमीन नाही.

आणि समुद्र? आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी आणि भरती यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. तुवालूची सर्वांत उंच जागाच समुद्रापासून पाच मीटरांहून कमी आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, खारे पाणी पुलाक्याच्या खड्ड्यांत झिरपते आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी २८० तुवालूकरांना तिथे स्थायिक होता येते. २०२५ मध्ये, पहिल्याच खेपेला, देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी नावे दिली. घर सोडून जावे असे कुणाला हौसेने वाटते?

म्हणून या देशाला जायचे ते ‘बुडण्याआधी पाहून घेऊ’ म्हणून जाऊ नये. तिथे माणसे संसार करीत आहेत. ‘तालोफा’ म्हणून नमस्कार करावा, रविवारी त्यांच्या प्रार्थनेचा मान राखावा, ओसरीवर बसून त्यांचे ऐकावे.

शिक्षकबंधूंना एक विनंती. हा प्रवास वर्गात कागदावर आखून पाहा. मुलांना नकाशा, वेळेचा फरक, चलन, हवामान सारे शिकवता येईल. डहाणूत दुपारचे बारा वाजले म्हणजे फुनाफुतीत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. मग मुलांना विचारा : त्या घडीला तिथल्या मुलाच्या टाकीत पाणी किती असेल? हा प्रश्न ज्याला पडला, त्याचा अर्धा प्रवास झाला म्हणायचा.