मनीमाऊचं पाकीट उलटं करा!

कॅट फूडचं पाकीट. पुढे रुबाबदार बोका, मागे मुंगीएवढी अक्षरं. घाबरू नका! बारामती-इंदापूरकरांना ती वाचायला क्लास लावायची गरज नाही. गोठ्यातल्या पशुखाद्याच्या पोत्यावरही हीच भाषा असते : प्रोटीन, फॅट, फायबर, ॲश.

ॲश? म्हणजे मनीच्या जेवणात राख? छे! नमुना जाळल्यावर मागे उरतात ती खनिजं.

माहीत आहे का? प्रोटीन मोजायची पद्धत निघाली बिअरवाल्यांकडे! 1883 मध्ये कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये योहान केल्डालने ती शोधली. मोजायचा नायट्रोजन आणि गुणायचं 6.25 ने. पण केल्डालच्या डाळीत इथंच काळं! युरियातही नायट्रोजन असतोच. गाईला थोडा युरिया पचतो, कारण तिच्या पोटातले जंतू त्याचं प्रोटीन करतात. मांजराकडे ही सोय नाही. 2007 मध्ये चीनहून अमेरिकेत गेलेल्या, पेट फूडमध्ये पडणाऱ्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनवालं रसायन निघालं. चाचणीत प्रोटीनचा आकडा झकास. पण ते खाऊन मांजरं-कुत्री किडनी निकामी होऊन दगावली.

आता झटपट गणित. कॅनवर प्रोटीन 10 टक्के, कोरड्या दाण्यांवर 30. जिंकलं कोण? कॅन! त्यात 80 टक्के पाणी. ते वगळलं तर प्रोटीन थेट 50 टक्के. दाण्यांतलं 10 टक्के पाणी वगळा, उरतं जेमतेम 33.

घटकांच्या यादीत पहिलं नाव चिकनचं? हुरळू नका! क्रम वजनाचा असतो, आणि कच्चं चिकन बरंचसं पाणीच.

भिगवणची चिलापी म्हणजे शंभर टक्के मासा. डब्यावरच्या ‘विथ टूना’ला मात्र अमेरिकी नियमांत 3 टक्के टूना पुरतो!

माहीत आहे का? मांजराला गोड चवच कळत नाही. यादीत साखर दिसली, तर ती मनीसाठी नक्कीच नाही.

आणि कायदा? 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या ‘अन्ना’च्या व्याख्येत प्राण्यांचं खाद्य बसतच नाही. 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा गाईच्या पोत्यावर शून्य, मनीच्या पाकिटावर 18 टक्के. मनीचा ‘मनी’ जास्त!

एवढं सगळं वाचायला वेळ नाही? मग एकच शब्द शोधा : टॉरिन. ते कमी पडलं की मांजराचं हृदय कमकुवत होतं, हे 1987 मध्ये सिद्ध झालं. शिवाय ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल, तर तो नुसता खाऊ. पोटभर जेवण नव्हे. रोजच्या जेवणाच्या पाकिटावर टॉरिन नाही? ठेवा परत फळीवर!