पाणबुड्याची सुरी : निवड आणि निगा

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर श्वसनसंच पाठीवर बांधून समुद्रतळ पाहण्यास उतरणाऱ्या पर्यटकांची संख्या अलीकडील वर्षांत बरीच वाढली आहे. त्यांना पाण्याखाली नेणारे तरुण बहुधा किनाऱ्यावरच्याच गावांतले असतात. त्यांच्या सरंजामातील एक छोटी वस्तू मात्र पुष्कळदा विचार न करताच विकत घेतली जाते. ती म्हणजे कापण्याचे हत्यार.

पोटरीला बांधलेली लांबलचक सुरी शार्कशी झुंजण्यासाठी असते, अशी समजूत चित्रपटांनी रुजविली आहे. वास्तविक भय माशाचे नसून जाळ्याचे असते. पूर्वीची सुती जाळी पाण्यात कुजून जात. नायलॉनचे जाळे खडकात अडकून तुटले, तर वर्षानुवर्षे तसेच राहते आणि एकेरी तंगुसाचे जाळे पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. त्यात बहुधा पाठीवरच्या नळकांड्याची झडप गुंतते. म्हणजे नेमकी जी स्वतःला पाहता येत नाही ती.

अशा वेळी प्रश्न उरलेल्या हवेचा असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १० मीटर खोलीवर दाब दुप्पट झाल्यामुळे ४० लिटर लागते. १२ लिटरच्या नळकांड्यात ५० बार दाब शिल्लक असेल, तर ही हवा सुमारे पंधरा मिनिटे पुरेल. घाबरून श्वास जलद झाला की हा अवधी निम्म्यावर येतो. म्हणून अडकलेल्याने गिरकी घेऊ नये, स्थिर राहून जोडीदारास खूण करावी आणि शक्यतो त्यालाच कापू द्यावे.

सुरीचे पाते आखूड, टोक बोथट आणि धारेचा काही भाग करवतीसारखा दातेरी असावा. अणकुचीदार टोकाने स्वतःचीच हवेची नळी फाटण्याचा संभव असतो. परंतु सुरीने कापताना दोर ताणलेला असावा लागतो; सैल दोर पात्याखालून निसटतो. तेथे रुग्णवाहिकेत कपडे कापण्यासाठी ठेवतात तशी कात्री अधिक उपयोगी पडते. आकडीच्या खोबणीत पाते दडविलेले तिसरे साधन तंगूस एका ओढीत तोडते. जाड दोर मात्र त्यात शिरत नाही. तेव्हा दोन निरनिराळी साधने जवळ बाळगावीत, व तीही पोटरीला नव्हे, तर कोणत्याही हाताला पोहोचतील अशी छातीच्या किंवा कमरेच्या पट्ट्यावर. जाळ्यात पाय अडकले, तर पोटरीवरची सुरी असून नसल्यासारखीच.

खरेदीपूर्वी परिसरातील मच्छीमार वापरतात त्याच जाळ्याचा तुकडा घेऊन उथळ पाण्यात, डोळे मिटून, दोन्ही हातांनी आळीपाळीने कापून पाहावा. पंचायतीने बचाव पथकासाठी साहित्य घेताना दरपत्रकाइतकेच या परीक्षेलाही महत्त्व द्यावे.

‘स्टेनलेस’ या शब्दावर विसंबून राहणे इष्ट नाही. कठीण पोलादाची धार टिकते, पण खाऱ्या पाण्यात ते गंजते. गंज न धरणारे पोलाद लवकर बोथटते. टायटॅनियम गंजत नाही, परंतु ते महाग पडते. रोज उतरणाऱ्याला साधे कठीण पोलाद आणि गोड्या पाण्याची एक बादली पुरते.

मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. या हत्याराने प्रवाळ खरवडणे वा कालवे उचकटणे म्हणूनच सर्वथा वर्ज्य; शिवाय त्याने धारही जाते.

दर खेपेनंतर हत्यार म्यानासह धुऊन, वाळवून, सिलिकॉनचे वंगण लावावे. कात्रीचा मधला खिळा विशेष तपासावा. पाती चकचकीत असूनही तो आतून गंजलेला असू शकतो, आणि मग कात्री उघडत नाही.