धार घरची, धार दारची

खानदेशात थंडी पडली की भरिताची वांगी भाजायला पऱ्हाट्या पेटतात. कौतुक सगळं वांग्याचं होतं. २०१६ साली जळगावच्या केळीबरोबर भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. पण भरिताची निम्मी चव कांद्याच्या पातीत असते, आणि पात चिरताना घरातल्या सुरीची परीक्षा होते. धार असली तर पात कापली जाते, नसली तर चेचली जाते आणि तिचं हिरवं पाणी पाटावरच राहतं. मग माणूस जोर लावतो, सुरी घसरते आणि बोट कापतं. बोथट सुरीला घाबरायचं ते यासाठी.

उपाय अजून दारावर येतो. जळगावच्या पेठांत, धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्ल्यांत सायकलवाला धारवाला ‘चाकू, सुरी, कात्री’ अशी हाळी देत फिरतो. त्याची सायकल हाच त्याचा कारखाना. स्टँडवर चढवली की मागचं चाक अधांतरी फिरतं, त्याच्यावरून पट्टा एका छोट्या कप्पीवर जातो आणि कप्पीच्या आसावर सहाण बसवलेली असते. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे साधारण अडीच फेरे होतात. दोन फुटी चाक अडीच इंची कप्पीला फिरवत असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यामागे कप्पीचे नऊ-दहा. मिनिटाला साठ वेळा पाय मारले की सहाण चौदाशेच्या आसपास फेरे घेते. ना वीज, ना तेल.

मुरलेला धारवाला ठिणग्यांवरून लोखंड ओळखतो. जुन्या विळीचं पातं सहाणेला लागलं की ठिणग्या लांब उडतात आणि टोकाला फुटतात. स्टेनलेस स्टीलच्या आखूड, मलूल निघतात. महाराष्ट्रात हत्यारांना धार आणि झिलई देणं हे शिकलगारांचं परंपरेचं काम; विळे, कुऱ्हाडी घडवणं आणि शेवटायला आलेली अवजारं पुन्हा कामाला लावणं घिसाड्यांचं. तलवारी गेल्या, कात्र्या राहिल्या.

सायकलवरच्या धारेत एक गोम मात्र आहे. कोरडी सहाण वेगात फिरते आणि पात्याची कड कागदासारखी पातळ असते. हात एका जागी थांबला की ती कड क्षणात तापते. निळसर झाक दिसली की समजावं, तिथलं पाणी उतरलं. धार त्या दिवशी झक्क वाटते, पण तेवढा भाग लवकर बोथटतो. शिवाय जाड सहाण दर खेपेला बरंच लोखंड खाते. म्हणून धारवाल्याला पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावं. जाणता असेल तर तो सांगण्याआधीच बुडवतो.

दुसरा जुना उपाय म्हणजे पाट्याच्या किंवा विहिरीच्या काठाच्या दगडावर विळी घासणं. तापीच्या गाळाखाली आणि सातपुडा-सातमाळ्याच्या रांगांत सगळीकडे काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट. दगडाला तोटा नव्हता. साध्या लोखंडाची विळी त्यावर चांगली लागायची. पण बेसाल्टमधली खनिजं कठीणपणाच्या मोह्स मापावर पाच-सहाच्या घरात येतात आणि पाणी दिलेलं पोलादही जवळपास तिथंच असतं. दगड पोलादाला कापत नाही, नुसता खरवडतो. १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीनं क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद बनवलं. त्याचं पातं आता आपल्या ओट्यावर आलं, धार लावायची सवय मात्र पाट्यापाशीच राहिली.

या पोलादाला हवा कार्बोरंडमचा दगड, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसननं १८९१ मध्ये वाळू आणि कोळसा विजेच्या भट्टीत तापवून त्याचं उत्पादन सुरू केलं. मोह्स मापावर तो नवाच्या वर, हिऱ्याच्या जरा खाली. हार्डवेअरच्या दुकानात याचा दुतोंडी दगड स्वस्तात मिळतो: एक बाजू जाड, एक बारीक. आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. घराला ४०० आणि १००० च्या आसपासच्या दोन बाजू पुरतात. त्यापुढचे महागडे दगड हा हौसेचा मामला.

दगड पाण्यानं ओला करून ओल्या फडक्यावर ठेवावा. कोन वीस अंशांचा. कागदाचा काटकोन दोनदा दुमडला की साडेबावीस अंश डोळ्यांसमोर येतात, त्याहून किंचित कमी. पातं इंचभर रुंद असेल तर पाठ पेन्सिलीच्या जाडीहून जरा जास्त उचलावी आणि शेवटपर्यंत तेवढीच ठेवावी. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला पापुद्र्यासारखी खरखर बोटाला लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत लागली की बाजू बदलायची, नंतर बारीक दगडावर हलक्या हातानं ती काढून टाकायची. इथं घाई करणाऱ्याची धार दोन दिवसांत जाते. विळी पाटाला जखडलेली, म्हणून तिथं उलटं करायचं: पातं स्थिर, दगड हातात, आणि बोटं पात्याच्या कडेच्या मागे.

रोजच्या डागडुजीला चिनीमातीच्या कपाची पालथी कड चालते. तिथं झिलई नसते आणि ती माती पोलादाहून कठीण असते. हलक्या हातानं चार-पाच वेळा फिरवलं की सुरी आठवडाभर ताळ्यावर राहते. खाचेतून सुरी ओढायची प्लास्टिकची यंत्रं मात्र मला पटत नाहीत. त्यांतल्या कठीण धातूच्या पात्या धार लावत नाहीत, पोलाद सोलतात.

आणि सगळ्यांना एकच धार लावू नये. रावेर-यावलकडे केळीचा घड उतरवणाऱ्या विळ्याला जाड कोन हवा, नाहीतर दांड्याच्या माराला कड वाकते. कात्रीची दोन पाती एकमेकांवर बसायला हवीत. ते घरी जमत नाही.

तेव्हा सुरी आणि विळी घरीच, कार्बोरंडमच्या दगडावर. कात्री, अडकित्ता आणि दाते पडलेलं पातं सायकलवाल्याकडे. तो गल्लीत आला की दार उघडून कात्री बाहेर काढा, आणि पाण्याचा डबा जवळ ठेवायला सांगा.